डॉक्टर सॉरी म्हणाले

आमच्या घरात ‘सॉरी’ हा शब्द इंदूताईनं आणला. ती माझी मोठी बहीण, आणि आमच्या घरातून इंग्रजीच्या वर्गापर्यंत पोचलेली पहिली मुलगी. त्या वर्षी शिकलेले शब्द ती दिवसभर वापरत असे. बाकीचे लवकरच गळून पडले, सॉरी तेवढा टिकला, कारण आमच्या घरात त्याला काम होतं. समोरची खोली बाबांच्या हातमागानं व्यापलेली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसत, आणि मागच्या खोलीत जायचं तर भिंतीला अंग घासत जावं लागे. त्याच वाटेवर माय रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसलेली असे. येता-जाता कोणाचा तरी पाय कोणाला लागायचा, सुताला धक्का बसायचा, एखादा धागा तुटायचा. मग इंदूताई मागाला हात लावून नमस्कार करी आणि वर ‘सॉरी, बाबा’ म्हणे.

बाबांनी एकदा विचारलं, हे काय होय म्हणून. माफी मागायची असली की म्हणतात, असं तिनं सांगितलं. आडवं सूत फेकायचा धोटा हातात तसाच धरून बाबा म्हणाले, मग चुकलं म्हण ना. त्यावर ताईचं म्हणणं असं, की चुकलं म्हणायला लाज वाटते, सॉरी म्हणायला वाटत नाही. बाबा हसले आणि पुन्हा मागाला लागले. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी कोणाला चुकलं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्यावर उगीच ओरडले, मायला टाकून बोलले, की दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवरून तर्री-पोह्यांचा पुडा आणायचे आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवायचे. मायही काही न बोलता सगळ्यांना वाटून द्यायची. तिच्या वाट्याला आलेल्या पोह्यांवर चणे जास्त असले, की आम्ही समजायचो, काल चूक बाबांची होती.

तांडापेठेत, आमच्या त्या विणकरांच्या वस्तीत, तेव्हा घरोघर माग होते. पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा लावून बायामाणसं सूत ताठ व्हावं म्हणून त्याला पेज पाजत, आणि सगळ्या गल्लीला आंबूस भाताचा वास येई. ऊन चढलं की माग सुरू होत. त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय, की दुपारी झोपलेलं लेकरू माग थांबला की दचकून उठायचं. आता त्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ब्यूटी पार्लर आहे, माग एकही नाही. मागच्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं गेले होते, तर एका पोराची मोटारसायकल माझ्या साडीला घासून गेली. मागं वळूनही न पाहता तो ‘सॉरी आंटी’ म्हणाला. मी स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. सॉरी, लाइन मिळत नाही. सॉरी, नंबर लागत नाही. सॉरी, वेळ संपली. देवाचं नाव घेतलं नसेल इतक्या वेळा हा शब्द मी उच्चारला, आणि खरं सांगते, त्यातल्या एकाही वेळी मला काहीही वाटलं नाही. शब्दाचा दोष नाही. पण आमच्या घरात एक वर्ष असं गेलं, की हा शब्द सोडून दुसरं काही घडलंच नाही.

इंदूताईचं लग्न भिवापूरला झालं. भाऊजी मिरचीच्या आडतीत मापारी होते. शांत माणूस, बोलायचे खाली पाहून, आणि घरी आले की त्यांच्या कपड्यांतून असा ठसका उठायचा की माय त्यांना पाणी द्यायच्या आधी स्वतःच खोकून घ्यायची. ताईला तिथं काही त्रास नव्हता. सासू होती, ती आजारी असायची, पण वाईट नव्हती. पहिल्या बाळंतपणाला ताई आमच्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा पांढुरका झाला होता आणि पायांवर सूज होती. बोट दाबलं की खळगा पडायचा. मी खेळ म्हणून ते करायची आणि ती करू द्यायची. तिला सारखा गोळाभात खावासा वाटे. माय डाळीचे गोळे भातात शिजवून त्यावर गरम तेलाची फोडणी घालायची, ताई दोन घास खाऊन ताट माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, तूच खाऊन घे वं छबू, मले फक्त वास पाहिजे होता.

गल्लीत एक दाई होती. आम्हा दोघींना तिनंच जगात आणलं होतं. पण ताईनं दवाखान्याचा हट्ट धरला. इंदोऱ्यावरून जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नव्या डॉक्टरनं लहानसा प्रसूतीचा दवाखाना उघडला होता. आता त्या चौकावरून मेट्रो जाते, तेव्हा तिथून टांगे जायचे. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचं मराठी बोलायचे, आणि बायकांशी अदबीनं बोलतात असं त्यांचं नाव झालं होतं. माय ताईला दोनदा दाखवून आली. रक्त कमी आहे, असं सांगून त्यांनी लाल गोळ्या दिल्या, पालेभाज्या खायला सांगितल्या. बाबांना दवाखाना हे प्रकरण पटत नव्हतं, पण पोरीच्या मनासारखं होऊ द्या, असं माय म्हणाली आणि विषय संपला.

ज्या दिवशी कळा सुरू झाल्या त्या दिवशी बाबांनी सकाळीच माग बंद केला. टांग्यात माय आणि ताई बसल्या, बाबा सायकलवर मागून, आणि मला घर राखायला ठेवायचं ठरलेलं असूनही मी रडून टांग्यात चढले. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. माय आत गेली, कारण पहिलटकरणीची आई म्हणून तिला आत थांबू दिलं. मी आणि बाबा त्या बाकावर. उन्हाळा होता. समोरच्या रस्त्यावर डांबर वितळून चपलांना चिकटत होतं. आतून ताईचा आवाज येई तेव्हा बाबा उठून रस्त्यापर्यंत जात आणि आवाज थांबला की परत येऊन बसत. दुपार चढली तेव्हा बाळाचं रडणं ऐकू आलं. सिस्टर दारात येऊन मुलगी झाल्याचं सांगून गेली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मावशी झाली तू, एवढंच म्हणाले.

त्यानंतर आत धावपळ सुरू झाली. आधी आम्हाला कळलं नाही. मग सिस्टर पळत बाहेर आली आणि कंपाउंडरला काहीतरी बोलली. तो स्कूटर काढून निघाला, मोठ्या दवाखान्यातून रक्ताची बाटली आणायला. रक्त कोणाला पाहिजे, असं बाबांनी तिला विचारलं. ती न थांबता आत गेली. मी दाराच्या फटीतून पाहायला गेले तेव्हा बाबांनी मला दंड धरून मागं ओढलं. कंपाउंडर बाटली घेऊन आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. तो आत गेला आणि थोड्याच वेळात बाटली तशीच हातात घेऊन बाहेर आला. ती बाटली पाहून बाबा उभे राहिले.

मग डॉक्टर आले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, हात नुकतेच धुतलेले, बोटांवरून पाणी गळत होतं. ते बाबांपुढे उभे राहिले. बाबांच्या खांद्याला हात लावायला गेले आणि हात ओला आहे म्हणून मागं घेतला. ‘सॉरी,’ ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, ‘सॉरी, काका.’ आणि आत निघून गेले. दुसरा एक शब्दही बोलले नाहीत. ताई गेली हे आम्हाला सिस्टरनं सांगितलं. माय बाहेर आली ती बाळाला स्वतःच्या पदरात गुंडाळून. ती रडत नव्हती. ती चालत होती तिथं तिच्या लुगड्याचा काठ फरशीवर लाल रेघ ओढत होता.

भाऊजी भिवापूरहून संध्याकाळी पोचले. ते सगळं मी इथं लिहीत नाही. गल्लीतले सगळे माग दुसऱ्या दिवशी बंद होते, आणि त्या शांततेनं बाळ सारखं रडत होतं एवढं आठवतं.

बाबा रडले नाहीत. माणसं भेटायला येत, बाबा ऐकून घेत, मान हलवत. एके दिवशी शेजारचे गणपतकाका बसले असताना बाबा अचानक म्हणाले, ‘त्यानं माफी मागतली, गनपत.’ कोणी, ते सगळ्यांनाच कळलं. गणपतकाका म्हणाले, ‘चुकी नसती तं कोन माफी मागते गा?’ तिथं बसलेल्या प्रत्येकानं मान डोलावली. सॉरी म्हणजे माफी, हे विचारायची कोणाला गरज नव्हती. शाळेतल्या पोरापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्याच अर्थानं म्हणायचे. फक्त माय मागच्या खोलीतून म्हणाली, ‘मी आत होती. त्यानं लय धडपड केली.’ पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तेव्हापासून बाबा त्या दवाखान्यात जाऊ लागले. सकाळी अंघोळ करत, धुतलेला सदरा घालत, सायकल काढत आणि त्याच बाकावर जाऊन बसत. भांडत नसत. डॉक्टर दिसले की उठून उभे राहत आणि विचारत, ‘तुमी सॉरी काहून म्हनलं?’ पहिल्यांदा डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की इंग्रजीत तो शब्द नुसता माफीचा नाही, दुसऱ्याचं दुःख पाहून वाईट वाटलं तरी तेच म्हणतात. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि तिथून थेट माझ्या शाळेत आले. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना मैदानात गाठून त्यांनी विचारलं. मी वर्गाच्या खिडकीतून दोघांना पाहत होते. मास्तर भला माणूस, त्यांनी खरं ते सांगितलं, की दोन्ही अर्थ होतात, आणि म्हणणाऱ्याच्या मनात कोणता होता ते म्हणणाराच जाणे. संध्याकाळी बाबांनी हे मायला सांगितलं. डॉक्टर खोटं बोलला नाही, असं तीही म्हणाली. पण बाबा म्हणाले, ‘मंग त्यालेच विचारलं पाहिजे ना.’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

हळूहळू डॉक्टर त्यांना टाळू लागले. मागच्या दारानं येत, मागच्या दारानं जात. बाकावर बसलेल्या इतर बायका बाबांना पाहून कुजबुजत, आणि एक-दोन जणींनी नाव काढून दुसरीकडे घातल्याचंही कानावर आलं. इकडे घरात माग थांबला होता. मागावरचं अर्धं लुगडं तसंच, त्यावर धूळ बसत चाललेली. माय दुसऱ्यांच्या कांड्या भरू लागली. एका हातानं रहाट फिरवायचा, मांडीवर बाळ, आणि बाळ रडलं की कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. शेळीचं दूध गल्लीतूनच मिळायचं. बाळाचं नाव तिनंच नंदा ठेवलं, बारसं झालं नाही. भाऊजी अधूनमधून यायचे, मुलीला मांडीवर घेऊन खाली पाहत बसायचे. पुढे त्यांचं दुसरं लग्न झालं, नंदा आमच्याकडेच राहिली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मी त्या दिवसांत मायच्या बाजूची होते. बाबांचा मला राग यायचा. ताई त्यांचीच एकट्याची गेली होती का, असं वाटायचं. एकदा मायनं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. सायकलचं हँडल धरून ती म्हणाली, ‘अजी, घरात लेकरू आहे, त्याच्याकडं पाहा. तिचं तेवढंच होतं. कोनाच्यानं काही होत नव्हतं, मी डोळ्यानं पाह्यलं.’ बाबा म्हणाले, ‘तुले इंग्रजी येते का? मंग तो काय म्हनला ते तुले कसं समजन?’ मायनं हँडल सोडून दिलं. तिला त्या एका गोष्टीचा आधार होता, की कोणाच्यानं काही होत नव्हतं. त्यावर ती रात्री झोपत होती, सकाळी उठत होती, बाळाला पाजत होती. हे मला तेव्हा कळलं नाही. फार पुढे कळलं.

वार्डात एक भैयाजी होता. निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी त्याला काहीतरी हवं होतं. तो पंधरा-वीस पोरं घेऊन आमच्या दारात आला. बाबूजी, तुमी एकटे बसून काय होनार, आम्ही येतो संगं, म्हणाला. बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते सायकलवर निघाले आणि पोरं घोषणा देत मागून. हे ज्यांनी पाहिलं त्यांनी मला नंतर सांगितलं. बाबा नेहमीसारखे बाकावर बसले. पोरांनी डॉक्टरांना बाहेर बोलावलं. ते आले नाहीत तेव्हा कोणीतरी दगड मारला, मग अनेकांनी मारले. खिडकीची काच फुटली आणि तिचा तुकडा सिस्टरच्या डोळ्याखाली घुसला. ही तीच सिस्टर, जिनं नंदाला पहिल्यांदा हातात घेतलं होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा भैयाजी आणि पोरं केव्हाच पळाली होती. बाबा बाकावर बसलेले होते. पोलिसांनी त्यांनाच उचललं.

निरोप मिळाला तेव्हा माय भाकरी थापत होती. तवा तसाच चुलीवर ठेवून तिनं नंदाला उचललं, आणि मी तिच्यामागून. चौकीत बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांच्या सदऱ्याचा खिसा फाटलेला होता. मायनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती त्यांच्यापासून दूर, दाराजवळ बसली. आम्ही किती वेळ बसलो आठवत नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टर आले. आमच्याकडे न पाहता ते साहेबाच्या टेबलाशी गेले. ह्यांनी दगड मारलेला नाही, हे रोज येतात आणि बाकावर बसतात, माझी ह्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं. साहेबानं त्यांना दोनदा विचारून घेतलं. मग बाबांना सोडलं. बाहेर पायरीवर बाबांनी डॉक्टरांना गाठलं आणि सगळ्यांना वाटलं आता ते आभार मानतील. त्यांनी तोच प्रश्न विचारला. डॉक्टर स्कूटरला किक मारून निघून गेले. माय त्या दिवशी घरापर्यंत बाबांच्या पुढे चालली. तिला इतकं पुढे चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सिस्टरचा डोळा वाचला. ती नोकरी सोडून तिच्या गावी गेली असं कळलं. बाबा मग काही दिवस घरीच राहिले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, पण हात मांडीवर. एका दुपारी गल्लीत स्कूटर थांबली आणि डॉक्टर आमच्या दारात उभे. बोलावलेलं कोणी नव्हतं. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. मायनं पटकन चटई टाकली, पण ते चटईवर न बसता मागाच्या कडेला, बाबांच्या समोर जमिनीवर बसले. मायनं पाण्याचा तांब्या आणि गूळ ठेवला. तिच्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता, उलट घरी आले याचं तिला बरं वाटलं होतं. तिनं नंदाला आणून त्यांना दाखवलं. त्यांनी बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि चेहरा फिरवला.

बाबा म्हणाले, ‘आता इथं कोनी नाही. ना पोलिस, ना पोट्टे. सांगा.’

डॉक्टरांनी मागावरच्या त्या अर्ध्या लुगड्याकडे पाहिलं. मग बोलू लागले ते अगदी हळू. त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, कारण मी भिंतीला चिकटून तिथंच उभी होते. ‘काका, तेव्हा तो शब्द तोंडातून निघाला तो सवयीनं निघाला. आम्हाला तसंच म्हणायला शिकवलेलं असतं. त्या वेळी माझ्या मनात कोणता अर्थ होता, मला खरंच माहीत नाही. तुम्ही रोज विचारत होतात, आणि मी रोज घरी जाऊन तेच स्वतःला विचारत होतो.’

‘मंग इंग्रजी सोडा,’ बाबा म्हणाले. ‘मराठीत म्हना.’

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मराठीत तो शब्द नाही. मराठीत एकतर वाईट वाटलं म्हणावं लागतं, नाहीतर चुकलं म्हणावं लागतं. दोन्ही मिळून एक म्हणता येत नाही. मी तेव्हा शाळकरी पोर होते, तरी त्या गप्प बसण्यात काय चाललं आहे ते मला कळत होतं. खोलीत एक माशी होती, ती गुळावर बसत होती आणि उठत होती. बाबा वाट पाहत होते. त्यांनी घाई केली नाही.

‘चुकलं माझं,’ डॉक्टर म्हणाले. ‘तिला रक्त कमी होतं, मी पाहिलं होतं. बाटली सकाळीच आणून ठेवायला हवी होती. होईल सगळं नीट, असं मला वाटलं. आणली असती तर ती वाचली असती का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आणायला हवी होती.’

बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते उठतील, ओरडतील, निदान हात उगारतील. ते म्हणाले, ‘बरं.’ आणि मग मागाच्या तुळईवर डोकं टेकवून ते रडू लागले. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं नाही, एखाद्याला दम लागावा तसं. डॉक्टर तिथंच बसून राहिले. बाहेर बायका पाहत होत्या त्याचं दोघांनाही भान नव्हतं.

माय चुलीजवळ चहा ठेवत होती. ती बाहेर आली ती कपाशिवाय. डॉक्टरांच्या समोर उभं राहून तिनं विचारलं, ‘सकाळी आनली असती तं?’ डॉक्टर म्हणाले, ‘माहीत नाही, मावशी.’ ती म्हणाली, ‘मी गल्लीभर सांगत फिरली. कोनाच्यानं काही होत नव्हतं म्हनून. नवऱ्याशी भांडली तुमच्यापायी.’ मग अगदी साध्या आवाजात, ‘हे तुमी मले सांगाले नव्हतं पाहिजे.’ आणि नंदाला घेऊन ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. चहा उतू जाऊन चूल विझल्याचा वास घरभर पसरला. डॉक्टर उठले. गुळाला त्यांनी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मागावरची धूळ झटकली, तुटलेले धागे सांधले आणि विणायला बसले. ते लुगडं त्यांनी पुरं केलं, बाजारात विकलं, पुढचा ताणा लावला. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधी काढला नाही. जेवू लागले, नंदाला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरू लागले. लोक म्हणायचे, माणूस सावरला. आणि माय खचली. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. कांड्या भरताना मध्येच तिचा हात थांबायचा, आणि ती स्वतःशीच पुटपुटायची, सकाळी आनली असती तं. इंदोऱ्याच्या रस्त्यानं ती पुन्हा कधी गेली नाही. जरीपटक्याला जायचं असलं तरी फेरा घालून जायची, आणि नंदाला ताप आला तर वैदूकडे न्यायची, डॉक्टरकडे नाही. माय आणि बाबांमध्ये जे दुःख आधी दोन वाटांनी वाहत होतं, ते एका माणसाच्या एका वाक्यानं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. डॉक्टरांनी खरं बोलायला हवं होतं की नको होतं, यावर मी अजूनही एक दिवस बाबांच्या बाजूची असते, एक दिवस मायच्या. सत्तरी गाठली तरी. डॉक्टरांनी पुढे बाळंतपणं बंद केली, ताप-खोकल्याचे पेशंट पाहत राहिले आणि एक दिवस शहर सोडून गेले, एवढं मात्र कळलं.

नंदा शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. कोणीतरी पोरीनं तिला चिडवलं असावं. ती घरी येऊन दप्तर न काढता मागाजवळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, माझी माय कशानं मेली? बाबांनी माग थांबवला. सांगायला त्यांच्याकडे होतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवातही केली, तुझ्या मायले रक्त कमी होतं, तो डॉक्टर… तेवढ्यात माय रहाट बाजूला सारून उठली. इतक्या वर्षांत तिला इतक्या चटकन उठताना मी पाहिलं नव्हतं. तिनं बाबांना हातानंच गप्प केलं, नंदाला जवळ ओढलं, तिच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि म्हणाली, ‘तुले पाहून गेली वं ती. मी तुले तिच्या तोंडाजवळ धरलं. तिनं तुले नीट पाह्यलं, हात लावला, अन् मंग डोळे मिटले.’

नंदानं विचारलं, कुठं लावला हात? मायनं तिच्या गालावर बोट ठेवून दाखवलं, इथं. नंदा समाधानानं खेळायला पळाली. बाबा मायकडे पाहत राहिले, कारण हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मीही नव्हतं. माय पुन्हा रहाटाशी जाऊन बसली. खरं होतं का, हे तिला विचारायचं माझ्या मनात पुष्कळदा आलं, तिच्या शेवटच्या आजारातसुद्धा आलं. विचारलं नाही. आमच्यापैकी आत फक्त तीच होती.